चौघांची सहल

आमच्या चौसाळ्यापासून कपिलधार गाडीने अर्ध्या तासावर. तरी लग्नाला आठ वर्षं होऊन बायकोने तिथला धबधबा पाहिला नव्हता. एकदा नेलं होतं, पण उन्हाळ्यात. नुसता काळा कडा बघून ती म्हणाली होती, "ह्यो धबधबा हाय व्हय?" तिचं माहेर सोलापूरकडचं, कोरडं. तिला पडतं पाणी बघायचं होतं.

त्या श्रावणात पोरगी सहा वर्षांची होती आणि पोरगा चार. बायकोने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सहल मागितली, आणि अट एकच घातली. "आपण चौघंच. कुणालाबी बोलवायचं न्हाई."

"म्या कशाला कुणाला बोलवतोय?" मी म्हणालो. माणसाने स्वतःला इतकं कमी ओळखावं!

आमचं भांड्यांचं दुकान, थोरला भाऊ आणि मी मिळून चालवतो. दुकान बंद ठेवायचं तर अण्णाला सांगणं आलं. सांगितलं.

"कावून रे, एकलेच चाललात व्हय?" अण्णा म्हणाला.

इथे खरं तर 'हो' म्हणायचं असतं. पण गल्ल्यावर बसून बसून माझी जीभ अशी झालीय की समोर माणूस दिसला की ती आधी 'या, बसा' म्हणते आणि मग मला विचारते. मी म्हणालो, "तसं न्हाई अण्णा. तुमी बी चला की."

आमच्याकडे 'चला की' हे म्हणायचं असतं आणि समोरच्याने 'नको, तुमी जा' म्हणायचं असतं. अण्णाने त्याच्या वाटचं वाक्य म्हटलंच नाही. "चला. लई दिस झाले," म्हणाला आणि जीपवाल्याला फोन लावला.

रात्री बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज जरा मोठा झाला, एवढंच.

शनिवारी वहिनींचे भाऊ पाटोद्याहून आले. बरोबर त्यांची बायको, मूल आणि म्हातारी आई. दारात आलेल्या पाहुण्याला आम्ही उद्या फिरायला चाललोय, तुम्ही घर सांभाळा, असं कोण सांगणार? मी तर नाहीच. मी म्हणालो, "चला की!" त्यांनीही 'नको' म्हटलं नाही.

रविवारी बायको पहाटे उठली. तिने पाहुण्यांसकट सगळ्यांना पुरतील इतके धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली, पोरांचे आणि स्वतःचे कोरडे कपडे पिशवीत भरले. जीप आली. पाहुणे आधी बसले, मग म्हातारी, मग अण्णा-वहिनी, मग पोरं मांड्यांवर. मी पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर. बायको डबा घेऊन बाहेर उभी, आणि आत हात घालायलाही जागा नव्हती.

ड्रायव्हर म्हणाला, "एक जण उतरा बा, ह्यांना घेतलं तर दार लागायचं न्हाई."

कुणी हललं नाही. पाहुण्याला उठवत नाहीत. थोरल्यांना उठवत नाहीत. आता मी उतरायला हवं होतं. हे मला तेव्हाही कळलं होतं, नंतर सुचलं असं नाही. पण मी म्हणालो, "पुढं वाट दाखवाया म्या लागंल." कपिलधारची वाट! शेंबडं पोर दाखवील.

बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीतून डबा माझ्या मांडीवर ठेवला, पिशवीतून स्वतःची साडी काढून घेतली आणि म्हणाली, "जावा तुमी. आत्याबाईंपाशी कुणीतरी पायजेच." आत्याबाई म्हणजे माझी आई. ती ओट्यावर ठणठणीत बसून सुपारी कातरत होती.

धबधबा भरून पडत होता. पोरगी पाण्यात उतरेना. "मम्मी आल्यावर," म्हणत कठड्याला धरून राहिली. पोरगा तिचं बघून रडायला लागला. मी दोघांना ओढून पाण्याखाली नेलं, फोटो काढले. वहिनींची आई धपाटे खाता खाता म्हणाली, "लई मऊ झालेत. तुमच्या बायकूच्या हाताला चव हाय. तिला आणाया पायजे व्हतं." मी मान हलवली आणि आणखी एक धपाटा घेतला.

संध्याकाळी बायकोला फोटो दाखवले. तिने सगळे पाहिले. मी म्हणालो, "फुडल्या रविवारी आपण चौघंच." पुढल्या रविवारी दुकानात माल आला. मग पोरांच्या परीक्षा, मग कुणाचं लग्न, मग पाणी आटलं. असे किती श्रावण गेले, मोजत नाही.

आता पोरं शिकायला लातूरला आहेत. परवा आभाळ भरून आलेलं होतं. मी म्हटलं, "चल, कपिलधारला जाऊ. दोघंच."

ती गहू निवडत होती. "म्या जाऊन आले की. गेल्या श्रावणात, भजनातल्या बाया गेल्या तवा."

"मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी आजून चार जण गोळा केले असते."

मी हसलो. ती हसली नाही.

"मग कसं होतं?"

"भिजले," ती म्हणाली. तोंडावर थोडंसं काहीतरी आलं, मी जवळून बघायला गेलो तर गेलं.

"आता माझ्यासंगं एकदा चल ना."

"तुमी जावा. माझं झालंय बघून," म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.