तात्यांचं उशिराचं हसणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि माझं सगळं आपल्याला माहीत आहे अशी तिची खात्री आहे. तुम्ही निवांत बसला आहात म्हणून सांगतो. पण मला वेळ लागेल, घाई करू नका.

तुम्ही मला पाहिलंय. नाव आठवणार नाही, ते सोडा. हवालदार, तलाठी, नवरीचा बाप, दवाखान्यातला कंपाउंडर – चौतीस वर्षं मी हेच केलं. आमची नावं पडद्यावर येतात तेव्हा लोक चपला शोधत असतात. वाशीच्या स्टँडवर अजूनही कुणीतरी मला थांबवतं, "तुम्ही ते… ते नाही का!" म्हणतं, आणि माझंच हसणं मला करून दाखवतं. आधी गप्प राहायचं, मग इकडं तिकडं बघायचं, सगळ्यांचं हसून झालं की एकट्यानंच – हॅ हॅ हॅ. मग मीही हसतो. खरं तर आता वीट आलाय, पण हसतो.

छोट्या नटाला काय लागतं? रूप नको, लांबलचक संवाद नकोत. लागते एक लकब, लोकांनी डोक्यात घेऊन घरी जावी अशी. दिग्दर्शक पहिल्याच दिवशी विचारायचे, "लकब काय आणलीस?" सरपंचाच्या होयबाचं काम मिळालं तेव्हा मी हे हसणं घेऊन गेलो. सरपंचानं विनोद करायचा, सगळे हसणार, आणि सगळे थांबले की मी. सेटवरचे लाइटवालेसुद्धा पोट धरून हसले. पुढं प्रत्येक सिनेमात तेच मागायचे. हे सुचलं कुठून, असं कुणी विचारलं तर मी म्हणायचो – निरीक्षण. शब्द भारदस्त आहे, त्याच्याआड बरंच काही लपवता येतं.

काय लपवत होतो? तेच सांगायचंय, पण आधी तात्या.

तात्या म्हणजे माझे चुलते. तेरखेड्याला फटाक्यांच्या कामावर होते. ऐन तिशीत एकदा शेजारीच माल उडाला. हातपाय शाबूत राहिले, कान गेले. अगदी ठार बहिरे नव्हते. जवळ बसून मोठ्यानं बोललं तर कळायचं. पण चारचौघांत काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. आणि माणूस मानी. 'परत सांगा' म्हणायची त्यांना लाज वाटायची. म्हणून ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघत बसायचे. लोक हसले की एकेकाचा चेहरा न्याहाळून बघायचे, आणि मग हसायचे, सगळ्यांच्या मागून. कळतंय ना तुम्हाला? त्यांना हसू आलेलं नसायचं. ते बहिरेपण झाकत होते.

आणि ते मी उचललं. दुसऱ्या कुणाचं नाही, तात्यांचं! नाटकाचं नाव काढलं की वडील काठी घेऊन उठायचे, तेव्हा मधे पडणारा हा एकच माणूस. "जाऊ द्या की दादा," ते वडलांना म्हणाले होते, "पोरगं लई भारी नकला करतंय. कायतरी व्हईल त्याचं."

झालं खरं.

तो होयबाचा सिनेमा लागला तेव्हा मीच त्यांना उस्मानाबादला घेऊन गेलो. धाराशिव नाव अजून व्हायचं होतं. दुपारचा खेळ होता. का नेलं? मिरवायला. आणि पकडला जाण्याची भीती? नव्हती. मला वाटलं, यांना काय ऐकू येणार, यांना काय कळणार. ज्या माणसाची निम्मी हयात नुसती बघण्यात गेली, त्याला कळणार नाही असं मला वाटलं! पडद्यावर मी हसलो आणि थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. मी हळूच शेजारी पाहिलं. तात्या पडद्याकडं बघत नव्हते. खुर्चीत मागं वळून लोकांचे चेहरे बघत होते. त्या दिवशी ते हसले नाहीत, उशिरानंही नाहीत.

बाहेर येऊन रसवंतीत बसलो. चरकाचे घुंगरू वाजत होते. तात्यांनी ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "ते माजं हाय का रं? चारचौघात म्या असाच दिसतो?"

इथं मला एवढंच म्हणायचं होतं – व्हय तात्या, तुमचंच. चुकलो मी. जवळच बसलो होतो, त्यांना ऐकू आलं असतं.

मी काय केलं? – सिनेमात मागं गर्दीत उभ्या असलेल्या माणसानं बोलल्यासारखं करायचं असतं, पण आवाज काढायचा नसतो, पुढच्यांचे संवाद बिघडतात. नुसते ओठ हलवायचे, हातवारे करायचे. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी तेच काम केलं होतं. तात्यांच्या समोर मी ते केलं. ओठ हलवले. आवाज नाही, शब्दही नाही. मान डोलावली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना वाटावं, आपल्यालाच ऐकू आलं नाही. आणि ते पुन्हा विचारणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या बहिरेपणाचा मी असाही उपयोग केला.

ते माझ्या ओठांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय व्हय. समजलं."

त्यानंतर तात्या नऊ वर्षं जगले. त्यांनी ते हसणं सोडून दिलं. कंडक्टर असो, व्याही असो, तोंडावर सांगायचे, "मला ऐकू येत न्हाय, मोठ्यांदा बोला." मी मात्र तसंच हसत राहिलो, त्या नऊ वर्षांत सात सिनेमांत. दर दिवाळीला गावी गेलो की त्यांच्याजवळ बसायचो. ते चहा सांगायचे, पोरांची चौकशी करायचे. पण मी बोलायला लागलो की माझ्या तोंडाकडं बघायचे नाहीत. मान वळवून अंगणात बघत बसायचे, माझं बोलून होईपर्यंत.