पोशीबाय काय म्हणाली

वासू, कमल — हे मी तुमच्या आजोबांना सांगितलं नाही. तुमच्या वडिलांना सांगितलं नाही. देवापुढे बसले आणि मनात आलं, की मी स्तोत्र थोडं मोठ्याने म्हणायची, म्हणजे ते मागे पडायचं. तुम्ही नैरोबीला, मी इथे कल्याणला, मध्ये सगळा समुद्र — म्हणूनच लिहिता येतंय की काय, कोण जाणे. समोर असता, तर मी हातावर लाडू ठेवला असता आणि विषय बदलला असता. विषय बदलणं मला फार चांगलं जमतं.

घरात एक गोष्ट सांगतात ती तुम्हाला पाठ आहे. आजी सासरी यायच्या आधी ठाण्याला, माहेरच्या आळीत, मुलींचा वर्ग चालवायची. इंग्रजी येणारी बाई शोधून सापडत नव्हती, त्या काळात. तुमचे वडील रजेवर इथे आले, की ही गोष्ट पाहुण्यांना सांगतात आणि माझ्याकडे बघतात, आणि मी पदर सारखा करते. गोष्ट खरी आहे. पण तो वर्ग आमच्याच आळीत कसा आला, हे कोणी कधी विचारलं नाही.

कुठून धरू? कामं क्रमाने करायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. बरण्यांवर नावं, पातळांच्या घड्या एकसारख्या. या एकाच कामाचं टोक हाती लागत नाही. बरं — वडिलांपासून सुरू करते.

माझे वडील ठाण्यात मराठी शाळेचे मुख्य मास्तर होते. आम्ही कायस्थ प्रभू. आमच्या आळीत घरटी एक तरी माणूस कचेरीत होता — कोणी मामलेदाराकडे, कोणी कोर्टात. रूळ ओलांडून खाडीकडे गेलं, की कोपरीच्या अंगाला मिठागरं लागत, आणि तिथे आगरी लोकांची एक वाडी होती. आमच्या ओट्यावरून हाक मारली तर ऐकू जाणार नाही, पण मिठाच्या राशी दिसत, इतकी जवळ. त्या वाडीत सही करता येणारा एक माणूस नव्हता.

तिथली काही मुलं वडिलांच्या शाळेत नावापुरती येत. नावापुरती का, ते मला माहीत होतं. हजेरी झाली, की वडील त्यांना आमच्या घरी पाठवत. ती मुलं परसातल्या विहिरीचं पाणी काढत, केळींना आणि अळवाला घालत, लाकडं फोडत. शाळा सुटायच्या वेळेला आई त्यांना गूळ-पोहे द्यायची आणि ती घरी जायची. वडील दुष्ट नव्हते. त्यांनी कोणावर हात उगारलेला मी पाहिला नाही. हे काम पूर्वी माझा दादा करायचा. पण दादा मॅट्रिकला बसायचा होता, त्याला वेळ हवा होता. म्हणून. वर माडीत दादा घोकतोय आणि खाली रहाट कुरकुरतोय, हे दोन आवाज माझ्या कानाला जोडीनेच सवयीचे होते. त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं मला कधी वाटलं नाही — नाही, हे खोटं. वाटलं होतं. म्हणून तर पुढचं सगळं झालं.

माझं लग्न झालेलं होतं, पण तुमचे आजोबा पुण्याला शिकत होते, म्हणून मी माहेरीच होते. मिशनच्या एका बाईंनी घरी येऊन मला इंग्रजी शिकवलं होतं. तेव्हा ठाण्याला एक मडम आली. एका बड्या साहेबाची बहीण. विलायतेतल्या कोणा भल्या मंडळींनी तिच्यावर एक शाळा काढायचं काम सोपवलं होतं — मुलींनाही बसता येईल अशी, आणि एकच. कुठे काढायची, ते तिने ठरवायचं. बायकांशी बोलायला तिला बाई दुभाषी हवी होती. वडिलांनी मला पाठवलं. मी नवं नेसूचं नेसले. मला किती अभिमान वाटत होता, ते लिहायची लाज वाटते.

गाडीत बसल्यावर मडमेने मला सगळं मोकळेपणाने सांगितलं. तिच्या मनात दोन जागा होत्या: आमची आळी किंवा ती वाडी. एकाच खाडीच्या काठी राहणारी ही माणसं, मग एका वस्तीतली मुलं कचेरीत जातात आणि दुसरीतली चिखलात, असं का — हे तिला समजून घ्यायचं होतं. तिचा ओढा वाडीकडे होता. पण त्या लोकांनाच शाळा नको असेल, तर जबरदस्तीत अर्थ नाही, असं ती म्हणाली. म्हणजे माझ्या तोंडून काय जाईल त्यावर काय अवलंबून आहे, हे मला गाडीतच कळलेलं होतं. कळत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

होळी होऊन गेली होती. मिठाचा ऐन हंगाम. पांढऱ्या उजेडाने डोळे उघडवत नव्हते. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावरून चालत होत्या, राशीवर मीठ ओतत होत्या, परत फिरत होत्या. मडमेची छत्री बघून थांबल्या. त्यांच्यातली पोशीबाय पुढे आली. माझ्या आईच्या वयाची, तरी मी तिला अगं-तुगं करायची, आणि ती मला बाय म्हणायची. तिचा मुलगा आमच्याकडे पाणी काढून गेलेला. तिची मुलगी गंगी तिच्या लुगड्याला धरून उभी होती, आठ-नऊ वर्षांची, पोटऱ्यांपर्यंत खारट चिखल वाळलेला.

मी मडमेचा प्रश्न विचारला. तुमची मुलं शाळेत का जात नाहीत?

पोशीबायने टोपली खाली ठेवली. "जात नाय कशी? माझा पोर दोन सालां गेला," ती म्हणाली. "काय शिकला? मास्तरचे परसान पानी घालाला शिकला. ता त आमी घरान पन शिकवतो, बाय."

मागच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "आनी लाकडा फोराला. ता इसरू नको."

पोशीबायही हसली. माझ्यावर राग नव्हता तिचा, तिला खरंच गंमत वाटत होती. मग ती गंभीर झाली आणि नीट, सावकाश बोलली, समोरच्याला कळावं म्हणून. परीक्षा उन्हाळ्यात असते, आणि उन्हाळ्यात आम्ही सगळे आगरात, मिठाच्या कामाला, पोरं कुठून येणार? पण भात लावून झाला, की पोरं मोकळी. "तवा आमचे गावान मास्तर धाडा. दिवालीवरी शिकवा. मंग आमी आगरान जाव. पोरी पन बसतील. ही गंगी बसंल." तिने गंगीला पुढे ढकललं. गंगी माझ्याकडे नाही, मडमेच्या तोंडाकडे बघत होती, जणू उत्तर तिथून येणार होतं.

मडम माझ्याकडे वळली.

आणि मी इंग्रजीत म्हणाले — या लोकांना शिक्षणाची आवड नाही. त्यांना मुलं कामाला हवी असतात.

एवढंच. दोन वाक्यं. माझ्या उच्चारात एक चूक नव्हती.

मडमेला नवल वाटलं. तिने विचारलं, एवढा वेळ बोलली ती, आणि तेवढंच? मी म्हणाले, हे लोक एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगतात.

पोशीबायने माझा पदर धरला. "सांगतलास ना गो बाय, सगला?"

मी म्हणाले, हो, सगळं सांगितलं.

मी वडिलांसाठी केलं, असं स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. मडमेला कळलं असतं, तर वडिलांची नोकरी गेली असती — कदाचित. कदाचित नुसती ताकीद मिळाली असती. पण तेवढंच असतं, तर मला परसाचं वाक्य गाळून बाकीचं सांगता आलं नसतं का? पावसाळ्यातला मास्तर, परीक्षेची वेळ, पोरी बसतील — यात वडिलांचं काय जात होतं? काहीच नाही. तेही मी गिळलं. का? कारण ती म्हणत होती ते खरं असेल, तर आम्ही पुढे गेलो होतो ते नुसत्या आमच्या बुद्धीने नाही. दादाचा वेळ कोणाच्या तरी मुलाकडून आला होता. हे मला नको होतं. आम्ही हुशार आहोत, एवढंच मला हवं होतं. आणि शाळाही हवी होती. मी दुभाषी म्हणून बरी वाटले, तर शिकवायलाही मलाच ठेवतील, हा हिशेब मी त्या बांधावर उभ्या उभ्या केला होता.

तसंच झालं. वर्ग आमच्या आळीत निघाला. वडिलांनी पेढे वाटले.

आषाढ संपला, भात लावून झाला, आणि पोशीबाय आमच्या मागच्या दारी आली. वाडीने गावदेवीच्या देवळाची पडवी सारवली होती. गळत होती तिथे पेंढा घातला होता. "पोरा रोज जाऊन बसतान," ती म्हणाली. "गंगी त केस विंचरून बसते. मास्तर कवा येल, बाय?" आत ओसरीवर माझ्या वर्गातल्या मुली बाराखडी म्हणत होत्या. तिला ते ऐकू येत होतं. ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "कानाला गोर लागतंय." मी म्हणाले, सरकारी काम आहे, वेळ लागतो. ती दसऱ्याच्या आधी पुन्हा आली. मी आईला सांगितलं, मी घरी नाही म्हणून सांग. दिवाळीनंतर ती सगळी माणसं आगरात गेली, आणि पडवीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

तुम्हाला पुढचं दिसतंच आहे. दादा वकील झाला. माझ्या वर्गातल्या मुली शिकलेल्या घरांत पडल्या, त्यांची मुलं आणखी शिकली. तुमचे वडील आफ्रिकेच्या रेल्वेत साहेब झाले. आणि पोशीबायचा मुलगा आगरात, त्याची मुलं आगरात. लोक दोन्ही वस्त्यांकडे बोट दाखवतात आणि कारण सांगतात. कारण कोणतं? माझंच वाक्य. मडमेने ते साहेबाला सांगितलं असेल, साहेबाने आणखी कोणाला. दादा जेवताना म्हणायचा, त्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. तुमचे आजोबा म्हणायचे. मी ताटात भात वाढत असायची. माझ्या माघारी हे वाक्य गावभर फिरून, शहाणं होऊन घरी परत आलं होतं, आणि मी त्याला ओळख दाखवली नाही. मागच्या पत्रात, वासू, तिथल्या काळ्या लोकांबद्दल तू तेच लिहिलंस, जवळजवळ त्याच शब्दांत. तुला मी काय म्हणू? ते तुला आमच्याच घरात मिळालं.

माझ्या एका वाक्याने एवढं सगळं झालं, असं म्हणणं हाही गर्वच, हे मला कळतं. मी खरं सांगितलं असतं, तरी कदाचित मास्तर पाठवला नसता. कदाचित आला असता आणि पळून गेला असता. पण तसं घडलं असतं, तर ते दुसऱ्या कोणी केलेलं असतं. हे मी केलं.

वडील गेले तेव्हा मी कल्याणहून ठाण्याला गेले होते. पोशीबाय भेटायला आली. म्हातारी झाली होती, बांधावर चालताना लागतो तसा तोल सांभाळत ती अंगणात चालली. बरोबर गंगी होती, कडेवर मूल घेऊन. तिच्या पोटऱ्या आईसारख्याच झालेल्या. पोशीबाय ओट्याच्या पायरीवर बसली आणि वडिलांबद्दल चांगलं बोलली. मास्तर गूळ-पोहे देत होते, म्हणाली. मग शाळेचा विषय तिनेच काढला. तिचं मत ठरलेलं होतं.

"तू त सगला सांगतलास, बाय. ती मडमच खोटी. गोऱ्या लोकांना गरिबाचा काय?"

गंगी माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी मडमेकडे बघत होती तशी नाही, नुसती, आपल्या माणसाकडे बघावं तशी.

तेव्हा सांगता आलं असतं. वडील नव्हते, नोकरी नव्हती, कोणाचं काही जाणार नव्हतं. ओट्यावर आम्ही तिघीच होतो.

मी म्हणाले, हो गं पोशीबाय, गोरे लोक तसलेच.

ती मान हलवून उठली. पुढल्या पावसाळ्यात ती वारल्याचं कळलं. तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं, की मी तिची होते. गंगीला एक अक्षर आलं नाही.

— तुमची आजी