आधी झिंगे मेले

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाते. नजर लागणं, अंगात येणं... माझा कशावरच विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. तरी हे लिहायला बसले आहे, कारण माझी मुलगी जिवंत आहे आणि त्याबद्दल आभार नेमके कुणाचे मानायचे, हे मला अजून कळलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. माझे यजमान विज्ञानाचे शिक्षक, बदली होऊन आम्ही भंडाऱ्याकडच्या अड्याळला आलो होतो. भाड्याच्या दोन खोल्या, पलीकडे घरमालक काका-काकी. अंगण एकच, विहीरही एकच. आमची छाया तेव्हा वर्षाचीही नव्हती, नुकतीच वाटीने पाणी प्यायला लागली होती.

यजमानांना कसलं ना कसलं वेड लागलेलं असायचंच. त्या उन्हाळ्यात नागपूरहून काचेची टाकी आणली — एसटीत अख्खा रस्ता मांडीवर धरून! सोबतचे रंगीत मासे वाटेतच गेले. मग मासेवाल्या जनाबाईने बोडीतून, म्हणजे गावाबाहेरच्या लहान तळ्यातून, जिवंत झिंगे, त्या बारीक कोळंब्या, आणि गोगलगायी आणून दिल्या.

"लोक झिंगे खातेत जी गुरुजी, तुमी पोसून राहिले!" असं म्हणून ती पोट धरून हसली.

पण टाकी झकास जमली. झिंगे इकडून तिकडे पळाले की छाया आ वासून बघायची आणि मी तेवढ्यात तिच्या तोंडात वरणभात सारायची.

धानाची रोवणी आटोपली, श्रावण लागला. एका सकाळी बघते तर टाकीतले सगळे झिंगे आडवे, पांढरे पडलेले. गोगलगायी शंखातून अर्ध्या बाहेर लोंबत होत्या.

यजमानांनी तपास सुरू केला. पहिला संशय अर्थातच माझ्यावर — साबणाचा हात लागला का? मग खाणं जास्त पडलं का? मग त्यांची नजर गेली तांब्याच्या गुंडावर. नागपंचमीसाठी मी तो चिंच लावून लखलखीत घासला होता आणि त्यातलंच पाणी टाकीत ओतलं होतं. तांबं झिंग्या-गोगलगायींना सोसत नाही म्हणे. चला, चोर सापडला! टाकी धुतली, विहिरीचं पाणी मातीच्या घागरीने भरलं, नवे झिंगे सोडले. संध्याकाळपर्यंत तेही गेले.

शेवटी त्यांनी दोन मडकी घेतली. एकात बोडीचं पाणी, एकात विहिरीचं. बोडीच्या पाण्यातले झिंगे मजेत, विहिरीच्या पाण्यातले मेलेले.

तेच पाणी आम्ही सगळे पीत होतो, छायासुद्धा! आणि सगळे ठणठणीत होतो, हे आणखी नवल.

त्या दिवसापासून मी देवळाजवळच्या हातपंपाचं पाणी आणू लागले. काकी फणकारल्या.

"आमच्या विहिरीले नाव ठेवता काय? सासूबाईच्या वक्तापासून पिऊन राहिलो आमी."

यजमान बाटलीभर पाणी भंडाऱ्याच्या प्रयोगशाळेत तपासायला देऊन आले. निकाल आला — पाणी चांगलं, पिण्यायोग्य. काकींची मान ताठ झाली. यजमानही म्हणाले, "आता पुरे कर." पण मी हट्टी. काकींच्या देखत विहिरीचं ताजं पाणी मडक्यात घेतलं, जनाबाईकडचे झिंगे सोडले. काकी तांदूळ निवडत तिथेच बसल्या. झिंगे एकेक करून लुढकत गेले.

हातातलं सूप बाजूला ठेवून काकी म्हणाल्या, "कागद काईबी म्हनो, सूनबाई. मले आता हे पानी गिळवत नाही."

मग दोन्ही घरांना पिण्यासाठी पंपाचं पाणी. विहीर उरली भांड्या-कपड्यांपुरती.

पोळा झाला. धानावर कीड दिसली म्हणून काकांनी फवारणीचं औषध आणलं. लेकराच्या हाती लागू नये म्हणून बाटली उंचावर, गोठ्याच्या वळचणीत खोचली. गोठ्याचं छप्पर विहिरीवर झुकलेलं होतं, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

एका दुपारी काकांनी विहिरीची बादली वासरापुढे ठेवली. थोड्याच वेळात त्याच्या तोंडाला फेस आला आणि ते पाय झाडत गेलं. काकांनी वळचणीकडे पाहिलं. सकाळपर्यंत होती ती बाटली तिथे नव्हती. विहिरीत गळ टाकला तेव्हा वर आली, बूच नसलेली.

मी छायाला उराशी धरून ओट्यावर बसले. दुपारी झोपेतून उठली की ती रोज वाटीभर पाणी प्यायची... पुढचं मला आजही लिहवत नाही.

आता सांगा. विष पाण्यात पडलं पोळ्यानंतर. झिंगे मेले श्रावणात, ते औषध घरात यायच्याही आधी! भंडाऱ्याचा निकाल खोटा नव्हता. तेव्हा पाणी खरंच चांगलं होतं. विहीर पुन्हा पुन्हा उपसल्यावर तिच्याच पाण्यात सोडलेले झिंगे आणि गोगलगायी पुढे सुखाने जगल्या. यजमान म्हणायचे, "ऑक्सिजन कमी पडला असेल." मग त्यांनाच ते पटायचं नाही.

जनाबाई आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. विचारलं, "पाण्यात काही नसताना कशाने मेले गं ते?"

"मले का मालूम जी?" तिने टोपली खाली ठेवली. "मरन त त्याईचं ठरलंच होतं. माझ्या टोपलीत मेले असते त कोनाच्या तरी रश्शात गेले असते. तुमच्या पोरीपायी मेले, बाई. चांगले मेले."

छाया रांगत गेली आणि तिने टोपलीत हात घातला. एक जिवंत झिंगा बोटावर उडाला तशी खिदळली. इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली मी, त्या दोघींसमोर मोठमोठ्याने रडले.