काचेला लागलेल्या मुंग्या

बंगळूरात माणसांपेक्षा भिंतींशी जास्त ओळख असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो आमच्या समोरच्या घरात राहायचा. यशवंतपूरच्या बाजारामागे आमचं वठार होतं. वठार म्हणजे मधे अंगण, अंगणात एक नळ आणि भोवतीनं सहा बिऱ्हाडं. आमचे हे कारखान्यात फिटर होते, म्हणून आम्ही कोल्हापूर सोडून इथं आलो. समोरचे अण्णा मात्र तीन पिढ्यांचे बंगळूरवाले. बोलायचे मराठी, पण त्यात निम्मं कन्नड. कॉर्पोरेशनात त्यांचं काम एकच, पडायला आलेली घरं शोधायची आणि त्यांवर घर खाली करायची नोटीस चिकटवायची. असला माणूस दारात आलेला कुणाला आवडेल? पण अण्णांना लोक कॉफी द्यायचे.

कारण नोटीस चिकटवायची त्यांची एक पद्धत होती. मंगळवारी आणि शुक्रवारी नोटीस लावायची नाही. घरात लग्न असेल तर मांडव उतरेपर्यंत लावायची नाही. खळ मैद्याची, बायकोच्या हातची, पितळी तांब्यातून न्यायची. दारात उभं राहून आधी विचारायचे, "हळदीकुंकू कुठल्या बाजूला लावता?" आणि ती बाजू सोडून कागद लावायचे. मग तो सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचे, घरातलं माणूस कितीही शिकलेलं असो. एक हेडमास्तर रागावून म्हणाले, "मला वाचता येतं." अण्णा म्हणाले, "येतं हो. पण घर सोडायचा कागद कुणी वाचत नाही." आणि पुढं वाचू लागले.

कुणाकडेही गेले की बसायच्या आधी बोटांनी भिंतीवर टकटक करायचे आणि कान लावायचे. लग्नाच्या हॉलात सज्जाखालच्या पंगतीला कधी बसले नाहीत. एकदा यजमानांनी हात धरून बसवलं, तर वाढलेलं केळीचं पान दोन्ही हातांनी उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. सांबार वाटेत तिघांच्या धोतरांवर सांडलं. माझ्या मुलीसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा मी त्यांना बरोबर नेलं. मुलाला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. परतताना मी म्हटलं, "कसं वाटलं?" म्हणाले, "पाया चांगला आहे, अक्का. बाल्कनी मागून काढलेली आहे, तिथं पोरीला उभं राहू देऊ नका." मुलगी तिथंच दिली. सुखात आहे.

मग शेजारच्या रिकाम्या जागेत कुणीतरी बिल्डिंगसाठी मोठा खड्डा खणला, आणि वठाराच्या मागच्या भिंतीला तडा गेला. ती माझ्या खोलीची भिंत. अण्णांनी तड्यावर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं चुन्यानं बसवली आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं, "काच शाबूत तोवर आपण इथं. काच तडकली की भिंत हलतेय असं समजायचं. मग मी कुणाचं ऐकणार नाही. माझंही घर इथंच आहे." त्या दिवसापासून वठारातल्या बायका नळावर आल्या की माझ्या खोलीत डोकावून काच बघून जायच्या. चकल्या करून विकणारी माझी शेजारीण तर काचेला नमस्कार करायची.

दोन महिने काच टिकली. तेवढ्यात माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली, तिला आठवा महिना लागला, आणि एका दुपारी बघते तर काच मधोमध तडकलेली. मी कुणाला बोलले नाही. दीड महिन्याचा तर प्रश्न होता. नोटीस लागली की घर सोडायचं, आणि जड अंगाची पोर घेऊन मी कुणाच्या दारात उभी राहू? बाजारातल्या फ्रेमवाल्याकडून त्याच मापाची काच कापून आणली. चुना नव्हता. आमची आई मडक्याची चीर उडदाच्या पिठानं बुजवायची, मीही तेच भिजवून लावलं. अगदी घट्ट बसली. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

आठवडाभर सगळ्यांनी काच शाबूत पाहिली. रविवारी अण्णा आले आणि काचेला डोळा लावून बघू लागले. मग म्हणाले, "अक्का, माझ्या काचेला मुंग्या कधीपासून लागायला लागल्या?"

दोन्ही टोकांना काळ्या मुंग्यांची रांग होती.

"जुनी कुठाय?"

मी तांदळाच्या डब्यातून दोन तुकडे काढून दिले. त्यांनी ते चुन्याच्या जुन्या खुणांवर धरले. मधे तांदळाचा दाणा आडवा मावेल एवढी फट राहिली; भिंत तेवढी सरकली होती, आणि पिठावरची माझी काच न तडकता नुसती घसरली होती.

"ह्या भिंतीशी कोण झोपतं?"

"पोरगी."

ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझी काच उपटून खिशात घातली, मुलीला "स्वल्प हळू, पोरी" म्हणत उठवलं आणि तिची खाट स्वतः ओढत अंगणात नेली. जाताना म्हणाले, "हे आपल्या दोघांत राहू दे."

दुसऱ्या दिवशी सोमवार. पहिली नोटीस त्यांनी स्वतःच्या दारावर लावली. त्याच घरात संसार केलेल्या बायकोला हळदीकुंकवाची बाजू विचारली आणि मग तिला अख्खा कागद वाचून दाखवला. ती पदराला हात पुसत शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "सरी, बरं. कॉफी घेणार?"

बाकीचे इतके शांत नव्हते. चकलीवाली म्हणाली, "काच तर धडधाकट होती. मी काल सकाळी पाहिली. तुम्ही ती काढून का घेतलीत? वठाराच्या मालकाशी आधीच ठरलंय म्हणा की." अण्णा म्हणाले, "भिंत हलतेय." ती म्हणाली, "कशावरून?" अण्णा गप्प बसले. मी नळाशी उभी होते, माझी कळशी भरून वाहत होती. मीही गप्प बसले.

बाकीच्या चारही बिऱ्हाडांना त्यांनी हिंडून हिंडून खोल्या शोधून दिल्या. घेतल्या सगळ्यांनी, पण कुणी नीट बोललं नाही. त्यांना स्वतःला कॉर्पोरेशनचे क्वार्टर्स मिळाले, दोन खोल्या. त्यातली एक त्यांनी आम्हाला दिली, माझा नातू तिथंच झाला. पाडकामाच्या दिवशी मागची भिंत पहारीच्या पहिल्या घावाला आत आली, खाट होती बरोबर तिथं. ते फक्त मी आणि अण्णांनी पाहिलं. लोक उशिरा आले आणि म्हणाले, पाडली म्हणून पडली. पुढची बाजू तीन दिवस पडेना. तेवढे तीन दिवस सगळे रोज बघायला यायचे आणि अण्णांना ऐकू जाईल असं हसायचे.

पुढं आम्ही वेगळी खोली घेतली, आणि चकलीवालीच्या मुलाचं लग्न झालं. सगळ्या वठाराला बोलावणं होतं, फक्त अण्णांना नव्हतं. मी गेले आणि पोटभर जेवले. संध्याकाळी क्वार्टर्सवर गेले तर अण्णा म्हणाले, "गोड काय होतं?"

"चिरोटी."

"सगळे आले होते?"

मी एकेक नाव सांगत गेले. ते मधे मधे विचारत होते, कोणाचा मुलगा नोकरीला लागला, कोण थकलं, नवी सून बोलायला कशी आहे. नंतर म्हणाले, "चांगलं झालं, अक्का." आणि दिवा लावायला उठले.

त्या दिवशी परत जाऊन मी मांडवात सांगायला हवं होतं. तेव्हा सगळे एका जागी होते. मग अण्णा गेले, चकलीवाली गेली, उरलेल्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत. त्यांच्यापैकी कुणाच्या मुलाबाळांच्या हाती हे पडलं तर त्यांनी वाचावं. काच मी बदलली होती. अण्णांनी काही खोटं केलं नव्हतं.