गॅलरीची आत्या

शेवंताआत्या जेवायची पवारांकडे आणि झोपायची दोन दारं सोडून कदमांकडे. घोडपदेवच्या आमच्या चाळीत दोन्ही घरं तिला आत्याच म्हणत. सख्खी कुणाची, हे मला लहानपणापासून कधी कळलं नाही. विचारलं की म्हणायची, "सख्खी-बिख्खी काय रे? मी गॅलरीची!" आणि खरंच, दोन्ही घरांचं पाणी भरून झालं की ती गॅलरीत कठड्याला टेकून लसूण सोलत बसायची. तो लसूण कुणाच्या फोडणीत जायचा, देव जाणे.

चाळ पाडायचं ठरलं तेव्हा कमिटीने वेबसाइटचं काम माझ्या गळ्यात घातलं. पोटापाण्यासाठी मी तेच करतो. प्रत्येक घराने आपल्या खोलीखाली आपली माणसं भरायची. ज्या खोलीत नाव, त्या कुटुंबाबरोबर तात्पुरत्या घरात जागा. एका खोलीत एक माणूस दोनदा येऊ नये, एवढं मी पाहिलं होतं. आत्या निघाली दोन खोल्यांत. मग नियम बदलला: माणूस सगळ्या चाळीत मिळून एकदाच. दोन्ही घरांना सूचना गेली की हे नाव दुसऱ्या खोलीतही आहे, एकीकडून काढा.

दुसऱ्या दिवशी बघतो तर यादीत आत्या कुठेच नाही.

कदमवहिनी म्हणाल्या, "पवारांची सख्खी ना ती? आपण कशाला हक्क सांगायचा?"

पवारकाका म्हणाले, "कदमांची सख्खी, म्हणून तर तिकडे झोपते. त्यांचं मन कशाला मोडा?"

माझं डोकंच चालेना. नियम चोख होता, दोनदा येऊ देत नव्हता. एकदा तरी यायला हवं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि पवार जाणार शिवडीला, कदम भायखळ्याला.

शेवटी लॅपटॉप घेऊन तिच्यापाशीच जाऊन बसलो. "आत्या, तुला कुठे टाकू? शिवडी की भायखळा?"

"गॅलरी कुठल्या बिल्डिंगला आहे रे?"

"कुठल्याच नाही गं. लिफ्टमधून उतरलं की बंद दारं."

तिने हातातली पाकळी सोलून पूर्ण केली. "मग कुठंपण टाक."

मी तिचं नाव पवारांच्या खोलीखाली भरलं. का, ते आजही सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात आत्या गेली. मोबाइलवर दोन निरोप आले, एक शिवडीहून, एक भायखळ्याहून. दोन्हींत तेच: "आमची आत्या गेली." आधी कुणाच्या घरी जायचं ते कळेना, म्हणून मी चपला घालून बराच वेळ दारातच उभा राहिलो.