सिलिंडरवरचा शिक्का

नागपूरहून मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला आले ती मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून, स्कूबा डायव्हर्सचे सिलिंडर तपासणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये. व्हिसा त्या कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर. नवरा आणि मुलगी माझ्याच व्हिसावर, डिपेंडंट म्हणून. मालकाने मला काढलं तर तिघांचंही इथलं बिऱ्हाड मोडणार, हे घरात कुणी बोलायचं नाही, पण विसरायचंही नाही.

टेस्टची मुदत उलटलेल्या सिलिंडरमध्ये इथे डाइव्ह शॉपवाले हवा भरत नाहीत. मग तो आमच्याकडे येतो. व्हॉल्व्ह काढून, आत दिवा सोडून बघायचं. मग पाण्याने भरून नेहमीपेक्षा बराच जास्त दाब द्यायचा. पास झाला की खांद्यापाशी शिक्का ठोकायचा. तो मी ठोकायचे.

एका हिवाळ्यात मालकाच्या जुन्या मित्राचा स्टीलचा सिलिंडर आला. दिवा आत सोडला तर तळाशी गंजाचे खड्डे. खोली मोजली. मर्यादेच्या पार.

"हा फेल आहे," मी मालकाला सांगितलं.

त्याने आत डोकावलंसुद्धा नाही. "तो फक्त खाणीतल्या तळ्यात डुबकी मारतो गं. ठोकून टाक." जरा थांबून म्हणाला, "तुझं व्हिसा रिन्यूअल या उन्हाळ्यात ना?"

आवाज अगदी साधा होता. वर्कशॉपला खिडकी नाही. कॉम्प्रेसर सुरू असला की स्वतःचा श्वासही ऐकू येत नाही. शिक्का न ठोकता मी सिलिंडर तसाच बाकावर ठेवून घरी गेले.

नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ पोळी कुस्करत बसला. "पोरगी आत्ता कुठे शाळेत रुळलीय," म्हणाला. आणि मग, "पण फुटला तर?"

"हवा भरतानाच फुटेल. भरणारा शेजारीच उभा असतो."



सकाळी तो मित्र सिलिंडर न्यायला स्वतःच आला. मालक फोनवर होता. मी त्याच्या हातात दिवा दिला आणि म्हटलं, "तुम्हीच बघा." वाकून त्याने पाहिलं. पुन्हा पाहिलं. "माझी बायको हाच वापरायची," तो हळूच म्हणाला. "टाका भोक पाडून."

पुन्हा कुणी त्यात हवा भरू नये म्हणून मी ड्रिल लावलं. मालक दारात येऊन उभा होता. मित्रासमोर तो काय बोलणार?

व्हिसा रिन्यू झाला. पण त्या दिवसापासून मालक माझ्याशी कामापुरतंच बोलतो आणि मित्रांचे सिलिंडर दुसरीकडे पाठवतो. मी दुसऱ्या कंपन्यांत नोकरीसाठी अर्ज करते. स्पॉन्सरशिपचं विचारलं की उत्तर येणं थांबतं. दुपारचा डबा मी गाडीत बसून खाते, काचा वर करून. मग पुन्हा आत जाते.