नाव ठेवा, नावं ठेवू नका

इतकी वाईट चित्रं इतक्या आनंदानं काढणारा माणूस न्हावऱ्यात, शिरूर तालुक्यात, किंबहुना भीमेच्या अलीकडं-पलीकडं कुठंही दुसरा नाही, आणि हा एकमेव माणूस नेमका माझा व्याही निघावा, हे माझं नशीब. व्याह्याचं नातं मोठं अवघड. शेजाऱ्याची भिंत वाकडी असली तर मी तोंडावर सांगतो. पण ज्या घरी लेक दिली, तिथल्या चित्रातल्या म्हशीला पाच पाय आलेत हे कुठल्या तोंडानं सांगणार? आमची पहिली भेट लग्नाच्या बैठकीतली. दोन्हीकडची मोठी माणसं मानपानावर अडून बसली होती, चहा थंड झाला होता, आणि मुलाचे वडील मात्र कोपऱ्यात एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर मान खाली घालून काहीतरी खरडत होते. मला वाटलं, माणूस हिशेबी दिसतो, जपून बोलायला हवं. शेवटी त्यांनी तो कागद माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "इवाई, ह्ये तुम्ही." उसाची ट्रॉली उलटल्यावर दिसावी तसा मी दिसत होतो. "झकास!" मी म्हणालो. मुलीचा बाप दुसरं काय म्हणणार? कागद बैठकीत फिरला, माझ्या मेहुण्यानं तो उलटा धरून कौतुक केलं, हशा पिकला आणि त्या हशात मानपान कुठं वाहून गेला ते कुणालाच कळलं नाही.

माझं सगळं उलट. दौंडात मी जन्मभर घरांचे नकाशे काढले. पट्टीशिवाय रेघ मारली नाही, आणि केसाएवढी चूक दिसली की अख्खा कागद टराटरा फाडला. वर स्वतःला शिव्या दिल्या त्या वेगळ्याच. आमची ही म्हणायची, "तुम्ही देवाला नमस्कारसुद्धा काटकोनात करता." पण खरं सांगू का, मला मनापासून एकच चित्र काढायचं होतं: माझ्या आईचं. मी शाळेत जायच्या आधीच ती गेली. घरात तिचा एकही फोटो नाही, आणि तिला पाहिलेली माणसंही आता उरली नाहीत. तिचा चेहरा आठवतो म्हणावं तर आठवतो, आणि नीट बघायला जावं तर निसटतो. कितीदा कागद घेऊन बसलो. पण भीती वाटायची, की काढलं आणि चुकलं, तर ते चुकलेलं तोंडच डोक्यात बसेल आणि होती नव्हती तेवढी आईही जाईल. मग कोरा कागद तसाच कपाटात जायचा.

व्याह्यांना असली भीती ठाऊकच नाही. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, मिठाईचे खोके, गोठ्याची भिंत, जे सापडेल त्यावर ते चुलीतल्या कोळशानं चित्र काढतात, आणि काढताना स्वतःशीच असे हसत असतात की परका माणूस दोन पावलं मागं सरकावा. गोठ्यातल्या भिंतीवर त्यांनी एकदा वाघ काढला. विहीणबाई अजून तक्रार करतात, "त्या वाघाला बघून म्हस आटली माझी." आणि व्याही म्हणतात, "बघा, म्हशीनं तरी वळाखला!" माझ्या जावयानं त्यांना मागं रबर असलेली पेन्सिल आणून दिली, तर त्यांनी विळ्यानं रबर तेवढं छाटून टाकलं. मी कारण विचारलं. म्हणाले, "मानसानं खोडी काढावी इवाई, खोडत बसू न्हाई." एकदा पोळ्याला त्यांनी बैल काढायला घेतला. शिंगं वाढत गेली, वाढत गेली, आणि शेवटी त्यांना फांद्या फुटल्या. दुसरा असता तर कागद चुरगाळला असता. यांनी दोन पक्षी बसवले आणि तो बैल बाभूळ म्हणून खपवला.

पण खरी गंमत पुढंच. चित्र पुरं झालं की ते त्याचं बारसं करतात. थट्टा नाही, अगदी साग्रसंगीत. अंगणात असतील तेवढी माणसं गोळा करायची, विहीणबाईंकडून घुगऱ्या मागायच्या, त्यांनी कपाळाला हात लावून फुटाणे द्यायचे, आणि मग आत्या बाळाच्या कानात सांगते तसं व्याह्यांनी कागदाच्या कोपऱ्याशी वाकून "कुर्रर्र" करून नाव सांगायचं. आत्या वाकली की पाठीत धपाटे घालायची रीत आहेच. तेही ते हौसेनं खातात. तोवर चित्र कशाचं आहे हे कुणी विचारायचं नाही, कारण त्यांनाही ते माहीत नसतं. एकदा त्यांनी रेडा काढला होता. बारशाआधीच गावचे एक पुढारी चहाला आले, चित्राकडं बघून विरघळले आणि म्हणाले, "आरं, ह्यो तर मीच!" व्याह्यांनी तिथल्या तिथं कुर्रर्र करून त्यांचं नाव ठेवलं. चौकटीत बसवलेला तो रेडा आज पुढाऱ्यांच्या बैठकीत लटकतोय. त्याला हार घालायचा त्यांचा बेत मात्र मंडळींनी मोठ्या मुश्किलीनं मोडून काढला.

यंदा कांदा चाळीत भरून झाला आणि मी लेकीकडं चार दिवस राहायला गेलो. दुपारी आम्ही दोघं चाळीच्या सावलीला बसलो होतो. व्याही एक कोंबडी काढत होते. निदान सुरुवात तरी कोंबडीची होती. मधेच म्हणाले, "इवाई, येवढं नकाशं काढलं तुम्ही, मंग चितर का काढत न्हाई?" त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, कधी कुणाला न सांगितलेलं मी त्यांना सांगून टाकलं. आईचं, कोऱ्या कागदाचं, भीतीचं, सगळं. आता हा माणूस थट्टा करणार म्हणून मी दात आवळून बसलो. त्यांनी कोंबडी बाजूला ठेवली.

"म्हंजी पाळना न्हाई, बाळ न्हाई, आन् तुम्ही आधीच म्हनताय नाक बसकं हाय?" ते म्हणाले. "आवो, नाव ठेवायचं बारशाला. तुम्ही जन्माआधीच नावं ठेवताय!"

मला हसूही आलं आणि रागही आला. त्यांनी सिमेंटच्या पिशवीचा कागद माझ्यापुढं पसरला आणि कोळसा हातात कोंबला. "पट्टी?" मी विचारलं. "म्हशीनं खाल्ली," ते म्हणाले आणि परत कोंबडीकडं वळले.

पहिली रेघ वाकडी गेली. मी सवयीनं रबर शोधलं. या घरातलं एकुलतं एक रबर तर विळ्यानं छाटलेलं. मग दुसरी रेघ मारली. ती पहिलीला सावरायला गेली आणि भलतीकडंच वळली, तिच्यामागं तिसरी. कोळसा कागदावर करकरत होता, बोटं काळी झाली होती, आणि ती रेघ पुढं कुठं जाते ते बघायची मला लहान पोरासारखी मजा वाटायला लागली. चूक का बरोबर, हा प्रश्न कधी उठून गेला कळलंसुद्धा नाही. व्याही खांद्यावरून डोकावले तेव्हा मी भानावर आलो.

"शिंपला हाय, का करंजी?"

मी बघितलं. ताटाएवढा कान होता. वरच्या कडेला बुगडी.

"कान आहे," मी म्हणालो, आणि पुढचं आपोआप तोंडातून आलं. "मी कायम तिच्या कडेवर असायचो हो. कडेवरच्या पोराला आईचं तोंड कुठं दिसतं? कानच दिसतो. ही बुगडी ओढायचो मी. 'सोड रं, कान तुटंल,' म्हणायची." हे वाक्य मला आठवत होतं, हेच मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तोंड शोधत बसलो, आणि आई तर अगदी गालाशी होती. अहो, किती आनंद झाला म्हणून सांगू!

व्याही ताडकन उठले आणि घराकडं तोंड करून ओरडले, "आगं ये, फुटानं आन! इवायांकडं बारसं हाय!" लेक आली, विहीणबाई आल्या, हातावर फुटाणे पडले. मी कागद व्याह्यांपुढं धरला. त्यांनी मान हलवली.

"न्हाई. आज आत्या तुम्ही."

मी वाकलो. कुर्रर्र केलं. मग त्या कोळशाच्या कानाशी ओठ नेऊन हळूच म्हणालो, "आई."

रिवाज म्हणून व्याह्यांनी पाठीत धपाटा घातला. हात मात्र त्यांनी बराच वेळ उचलला नाही.